आणि, किंवा, नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयटीतली आहेस, संगणकाबद्दल काहीतरी बोल. पण वीस मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे." जेवणाच्या आधी बोलणाऱ्या माणसाने वेळ पाळावी हे मला कळतं, म्हणून आज मी फक्त तीन शब्दांबद्दल बोलणार आहे. आणि, किंवा, नाही. माझा सगळा व्यवसाय या तीन शब्दांवर उभा आहे. त्यातला तिसरा शब्द, 'नाही', सर्वांत अवघड आहे, आणि आपल्या जव्हार-मोखाड्याच्या मुलांशी त्याचा थेट संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगते. त्याआधी थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, संच आणि लसावि-मसावि यांच्या पलीकडे जाणार नाही, आणि ते तर याच शाळेत शिकवलेलं आहे.

या तीन शब्दांच्या गणिताला बूलियन बीजगणित म्हणतात. जॉर्ज बूल हे इंग्लंडमधल्या लिंकन गावातल्या एका चांभाराचे चिरंजीव. जन्म १८१५ सालचा. कॉलेजची पदवी नाही, बहुतेक गणित स्वतःच वाचून शिकलेले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि पुढे बरीच वर्षं शाळामास्तर म्हणूनच काम केलं. १८४७ साली त्यांचं तर्कशास्त्रावरचं पहिलं लहान पुस्तक आलं आणि १८५४ साली विचारांच्या नियमांवरचा मोठा ग्रंथ. त्यांचं म्हणणं असं होतं की आपण बोलताना जसं 'आणि', 'किंवा', 'नाही' वापरतो, त्याचेही बेरीज-गुणाकारासारखे ठरलेले नियम आहेत. त्याच काळात ऑगस्टस डी मॉर्गन हेही या विषयावर काम करत होते. त्यांचा जन्म १८०६ सालचा, आपल्या मदुराईचा.

डी मॉर्गन यांच्या नावाचा नियम तुम्ही रोज वापरता. कचेरीबाहेर पाटी असते, 'आधार आणि जातीचा दाखला असलेल्यांचेच अर्ज घेतले जातील.' मग अर्ज कोणाचा परत येईल? ज्याच्याकडे दोन्ही नाहीत त्याचाच, असं आपली माणसं समजतात आणि एकच कागद घेऊन मोखाड्याहून जव्हारला येतात. प्रत्यक्षात ज्याच्याकडे आधार नाही किंवा दाखला नाही, त्या प्रत्येकाचा अर्ज परत येतो. 'आणि'च्या आधी 'नाही' लावलं की आतला 'आणि' 'किंवा' होतो. हाच डी मॉर्गनचा नियम. एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं गेल्यावर तो कळण्यापेक्षा शाळेत कळलेला बरा.

पुढे जवळपास ऐंशी वर्षं हे गणित तत्त्वज्ञांचं आणि गणितज्ञांचं होतं. १९३७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एम.एस.च्या प्रबंधात दाखवलं की विजेची बटणं एकापुढे एक जोडली की 'आणि' होतो, शेजारी शेजारी जोडली की 'किंवा' होतो, आणि त्यामुळे बूलचं बीजगणित तारांनी चालवता येतं. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या पोटात आज तेच चाललेलं आहे.

आता गणिताकडे येते. समजा, आपल्याकडच्या एका घरात तीनच पिकं घेतात, भात, नागली आणि वरई. यंदा काय लावायचं याचे पर्याय किती? काहीच नाही, हा एक. एकेक पीक, असे तीन. दोन-दोन, असे तीन. आणि तिन्ही, हा एक. एकूण आठ. दोन घरांनी समाईक काय लावलं, हा 'आणि'. दोघांपैकी निदान एकाने काय लावलं, हा 'किंवा'. आणि एका घराने जे लावलं नाही, तो 'नाही'. संचाच्या धड्यातले छेद, संयोग आणि पूरक संच ते हेच.

आता पिकं बाजूला ठेवा आणि ३० या संख्येचे विभाजक लिहा. १, २, ३, ५, ६, १०, १५, ३०. हेही आठ. यात मसावि म्हणजे 'आणि', लसावि म्हणजे 'किंवा'. आणि 'नाही' म्हणजे? ६ चा 'नाही' आहे ५, कारण दोघांचा मसावि १, म्हणजे समाईक काहीच नाही, आणि लसावि ३०, म्हणजे मिळून सगळं झालं. भाताला २ म्हणा, नागलीला ३, वरईला ५. मग ६ म्हणजे भात आणि नागली लावलेलं घर, आणि त्याने लावलं नाही ती वरई, म्हणजे ५. शेतातला हिशेब आणि विभाजकांचा हिशेब तंतोतंत एकच निघाला. वरचे कपडे वेगळे, हाडांचा सांगाडा एक.

हा योगायोग नाही, हे प्रमेय आहे. ज्या मर्यादित रचनेत आणि, किंवा, नाही हे तिन्ही शब्द बूलच्या नियमांनी वागतात, ती कोणत्याही वेशात आली तरी आतून अशीच असते. तिच्यात काही अगदी लहान, आणखी न फुटणारे घटक असतात, इथे भात, नागली, वरई किंवा २, ३, ५. गणितात त्यांना अणूच म्हणतात. बाकी सगळं त्या अणूंच्या निवडीतून तयार होतं. म्हणून अशा रचनेत घटक २, ४, ८, १६, ३२ असेच असतात. सहा किंवा दहा घटकांची बूलियन रचना जगात कुठेही सापडणार नाही. शोधायला जायचीही गरज नाही.

रचना अमर्याद असली की हे सोपं राहत नाही. कधी कधी तिच्यात अणूच नसतात, कितीही लहान तुकडा घ्या, त्याचाही तुकडा पडतो. तिथेही मार्शल स्टोन या अमेरिकन गणितज्ञाने १९३६ साली सिद्ध केलं की प्रत्येक बूलियन बीजगणित हे कोणत्या ना कोणत्या संचाच्या काही उपसंचांचंच बीजगणित असतं. म्हणजे शाळेतला संचाचा धडा शेवटपर्यंत साथ देतो. या स्टोन यांचा मृत्यू १९८९ साली आपल्याच देशात, मद्रासला झाला.

आता 'नाही'कडे वळते. १९३३ साली हंटिंग्टन यांनी हे सगळं बीजगणित अगदी थोड्या नियमांवर उभं करून दाखवलं. त्यानंतर लगेच हर्बर्ट रॉबिन्स यांनी विचारलं, यातला एक नियम बदलून त्याहून सोपा ठेवला तर चालेल का? त्या नियमात 'किंवा' आणि 'नाही' एवढेच दोन शब्द होते. 'नाही-नाही म्हणजे हो' एवढं गृहीत धरायची परवानगी मिळाली, तर उत्तर दोन ओळींत येतं. पण ते गृहीत धरायचं नाही, सिद्ध करायचं, अशी अट होती. टार्स्कीसारख्या मोठ्या तर्कशास्त्रज्ञाने हा प्रश्न स्वतः हाताळला आणि विद्यार्थ्यांनाही दिला. साठ वर्षांहून अधिक काळ कोणालाच तो सुटला नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या विल्यम मॅक्यून यांच्या ईक्यूपी नावाच्या प्रोग्रामने तो सोडवला. संगणक सुमारे आठ दिवस चालला. उत्तर होतं 'हो', रॉबिन्सचा नियम पुरेसा आहे. मग माणसांनी ती सिद्धता ओळीओळीने तपासली.

आज सगळे मला विचारतात, संगणक माणसाची जागा घेणार का? मला या गोष्टीत दुसरंच काही दिसतं. 'नाही-नाही म्हणजे हो' हे वाक्य आपण रोज फुकट वापरतो. त्याची खरी किंमत किती आहे, हे त्या साठ वर्षांनी आणि आठ दिवसांनी दाखवलं.

आणि हे वाक्य सगळीकडे खरं नसतं. ३० च्या जागी १२ घ्या. विभाजक १, २, ३, ४, ६, १२. सहा. आताच म्हटलं, सहा घटकांची बूलियन रचना नसते. मग बिघडलं कुठे? २ चा 'नाही' शोधा. २ शी काहीच समाईक नसलेला मोठ्यात मोठा विभाजक ३. पण २ आणि ३ यांचा लसावि ६ येतो, १२ नाही. म्हणजे 'हो' आणि 'नाही' मिळूनही सगळं भरलं नाही, मध्ये फट राहिली. आता ३ चा 'नाही' काढा. ३ शी समाईक नसलेला मोठ्यात मोठा विभाजक ४. म्हणजे २ चा 'नाही' ३, आणि त्याचा 'नाही' ४. निघालो दोनपासून आणि पोचलो चारला. इथे 'नाही-नाही' म्हणजे 'हो' नाही.

अशा अर्ध्या 'नाही'ला गणितात छद्मपूरक म्हणतात. हे 'नाही' असलेल्या, आणि त्याहूनही सैल नियमांच्या रचनांचा जो अभ्यास आहे, त्यात मराठी माणसांचं ठोस काम आहे. ते आपल्याला क्वचितच कोणी सांगतं, म्हणून मुद्दाम सांगते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वाय. एस. पवार आणि पुढे पुणे विद्यापीठात असलेले एन. के. ठाकरे यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये या विषयावर लिहिलेले निबंध परदेशी गणित-नियतकालिकांत छापून आले. त्यातल्या एका निबंधातला मूळ नियम साध्या मराठीत असा: माझं तुझ्याशी काही समाईक नाही, आणि माझं त्याच्याशीही काही समाईक नाही, तर तुम्ही दोघं एकत्र आलात तरी तुमच्याशी माझं काही समाईक असणार नाही. ऐकायला अगदी उघड वाटतं. पण काही रचनांमध्ये हेसुद्धा खोटं ठरतं. म्हणून ते कुठे खरं आणि त्यातून काय काय निघतं, हे शोधावं लागतं. हेच ठाकरे सर १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.

हे काम पुढेही चालू राहिलं. पुण्याचे विनायक जोशी आणि त्यांच्या सहसंशोधक खिस्ते यांचा बूलियन रचनांच्या आलेखांवरचा निबंध २०१४ साली आला. आपले तालुके ठाणे जिल्ह्यातून पालघरमध्ये गेले, तेच वर्ष. त्यातली कल्पना तुम्ही आज रात्री मुलांबरोबर कागदावर करू शकता. ३० चे विभाजक घ्या, १ आणि ३० वगळा. ज्या दोघांचा मसावि १ त्यांना रेघेने जोडा. २, ३, ५ यांचा त्रिकोण होईल, आणि प्रत्येक कोपऱ्याला एक शेपूट येईल. २ ला १५, ३ ला १०, ५ ला ६. आता आकडे पुसून टाका. नुसत्या आकृतीतूनही अणू कोण आणि कोणाचा 'नाही' कोण हे ओळखता येतं. शेपटाचं टोक हा त्या कोपऱ्याचा 'नाही'. कोणाचं कोणाशी काहीच समाईक नाही, एवढी एकच माहिती दिली तरी बूलियन रचना पूर्ण परत मिळते, असं हे संशोधन दाखवतं. खरा 'नाही' इतका भरवशाचा असतो.

आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळते. या सगळ्याचा आपल्या मुलांशी काय संबंध?

आपण शाळेत होतो तेव्हा, १९९२-९३ साली, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचं नाव राज्यभरच्या वर्तमानपत्रांत आलं. आपल्यापैकी कोणीही ते विसरलेलं नाही. तेव्हापासून मुलांची वजनं घेणं, नोंदी ठेवणं हे काम वाढत गेलं. आता त्या नोंदी मोबाइलवर असतात आणि त्यांची बेरीज-वजाबाकी माझ्यासारख्या लोकांनी लिहिलेले प्रोग्राम करतात. मी आज कोणत्याही खात्याबद्दल बोलत नाही. कुठल्याही यादीत काय होऊ शकतं, तेवढंच एका कल्पित पाड्याच्या उदाहरणाने दाखवते.

समजा, त्या पाड्यावर ४० मुलं आहेत. दिवाळी झाली, भाताची कापणी-झोडणी उरकली, आणि काही घरं वीटभट्टीवर किंवा बांधकामावर, भिवंडी-वसईकडे गेली. मुलंही बरोबर गेली. त्या महिन्यात ३१ मुलांचं वजन झालं. त्यांतली ६ कमी वजनाची निघाली. आता वरून प्रश्न येतो, कमी वजनाची नसलेली मुलं किती? घाईत असलेला माणूस किंवा घाईत लिहिलेला प्रोग्राम ४० मधून ६ वजा करतो आणि सांगतो, ३४ मुलं ठीक. खरं उत्तर असं आहे: ६ कमी वजनाची, २५ ठीक, आणि ९ मुलांबद्दल आपल्याला माहिती नाही. वजाबाकी चुकली नाही. चूक ही झाली की ज्या रचनेत फट आहे, तिथे बूलचा पूर्ण 'नाही' वापरला. २ आणि ३ मिळून ६ झाले होते, १२ नाही, तसंच इथे ६ आणि २५ मिळून ३१ होतात, ४० नाहीत. ती ९ मुलं त्या फटीत आहेत. आणि वीटभट्टीवर राहणारी तीच मुलं असल्यामुळे, ज्यांची काळजी सर्वांत आधी घ्यायची तीच नेमकी 'ठीक' या रकान्यात जाऊन बसतात.

माहितीसाठा सांभाळणाऱ्या संगणकी भाषेत यासाठी सोय आहे. रिकाम्या रकान्याला तिथे 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही, 'नाही'ही नाही. नल म्हणजे ठाऊक नाही, आणि 'ठाऊक नाही' याचा 'नाही' काढला तरी 'ठाऊक नाही'च येतं. म्हणजे यंत्राला सांगितलं तर ते फट जपून ठेवतं. बुजवतो तो माणूस. कधी रकाना रिकामा दिसू नये म्हणून शून्य टाकतो, कधी मागच्या महिन्याचं वजन उतरवतो, तर कधी अहवाल सुबक दिसावा म्हणून वजाबाकी करतो.

माझी तुम्हाला विनंती आहे. आपल्या वर्गातले कितीतरी जण आज इथे जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत, काही जणी अंगणवाडीत आहेत, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी तहसीलमध्ये आहे. आपल्या मुलांची पहिली नोंद तुमच्या हातून होते, माझ्या हातून नाही. माझा प्रोग्राम कितीही चांगला असला, तरी तुम्ही बुजवलेली फट त्याला परत उघडता येणार नाही. म्हणून मूल हजर नसेल तर रकाना रिकामा ठेवा किंवा 'माहिती नाही' लिहा. वरून कोणी विचारलं, "रिकामा का?" तर सांगा की मूल पाड्यावर नाही, कुठे गेलंय ते शोधतोय. आणि अहवाल समोर आला की एक साधी बेरीज करून बघा: 'हो' आणि 'नाही' मिळून सगळे होतात का? होत नसतील तर उरलेली मुलं कोण, त्यांची नावं विचारा. एवढ्यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही.

आणि आपल्या सर-बाईंच्या साक्षीने शिक्षक झालेल्या मित्रमैत्रिणींना आणखी एक सांगते. वर्गात एखादं मूल उत्तर देत नाही, तेव्हा आपण पटकन म्हणतो, "याला येत नाही." पण घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातल्या मराठीत प्रश्न विचारला, तर त्याची चूप म्हणजे 'येत नाही' नसते. ती 'ठाऊक नाही' असते, आणि ठाऊक नसतं ते आपल्याला. प्रश्न त्याच्या बोलीत विचारून बघा, मग रकाना भरा. आपल्यातही गप्प बसणारी मुलं होती. आज त्यांतली निम्मी या सभागृहात मोठमोठ्याने गप्पा मारत बसली आहेत, मघापासून बघतेय मी.

बूल हे शाळामास्तर होते, हे मला फार आवडतं. ज्या माणसाने 'आणि, किंवा, नाही' यांचं गणित केलं, त्याने त्याआधी वर्षानुवर्षं मुलांची हजेरी घेतली होती. हजेरीपुस्तकात गैरहजर मुलापुढे खूण असते, पण त्याचं नाव खोडत नाहीत. एवढं आपल्या प्रत्येक यादीत पाळलं गेलं, तर आजचं भाषण कामी आलं असं मी म्हणेन.

वीस मिनिटं झाली. जेवण तयार आहे, आणि नागलीची भाकरी गार होऊ देणं बरं नाही.